भरपाईचा रविवार

फाटकाला कुलूप होतं. कुलपाच्या वर एक पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर जाड पेनाने लिहिलं होतं : 'उष्णतेच्या लाटेमुळे आजपासून गुरुवारपर्यंत पाळणाघर बंद. भरपाई येत्या तीन रविवारी. फी कमी होणार नाही.'

मी ते दोनदा वाचलं. तनू गाडीवर माझ्या पुढ्यात बसली होती, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. तिला अजून वाचता येत नव्हतं, पण कुलूप कळत होतं.

"बाबा, मावशी कुठी गेली?"

"मावशीची सुट्टी आहे."

"आपली पण?"

"आपली नाही."

सकाळच होती अजून, तरी फाटकाच्या सळईला हात लावला तर चटका बसत होता. चंद्रपूरचा मे महिना. मी तिथूनच निमकर मॅडमना फोन लावला. पाळणाघर त्यांचं. पोरं त्यांना मावशी म्हणायची, आम्ही मॅडम.

"येरगुडे भाऊ, आदेश काल संध्याकाळी आला," त्या म्हणाल्या. "रेड अलर्ट आहे. शाळा, शिकवण्या, सगळं बंद. मी ग्रुपवर टाकलं होतं."

"माझ्याकडे बटणाचा फोन आहे, मॅडम."

"मग मी काय पेपरात छापू?"

"मी पोरीला घेऊन कुठी जाऊ आता?"

"एखाद दिवस घरी राहा, भाऊ. या उन्हात कोणीच कामावर जाऊ नये."

मी फोन कापला. मी वीज मंडळात लाईनमन होतो. गावाने घरात राहावं असं सरकार सांगतं, त्या दिवशी गावात सगळे कूलर एकदम चालतात, तारा तापतात, फ्यूज उडतात, आणि आम्हाला खांबावर चढावं लागतं. दुसऱ्याची सुट्टी म्हणजे आमची मरमर. हे मॅडमना माहीत नव्हतं असं नाही. त्यांचीच लाईन गेली की त्या मलाच फोन करायच्या.

माझी बायको, कुंदा, आदल्या उन्हाळ्यात गेली होती. वर्ष व्हायला थोडेच दिवस राहिले होते. घरात मी आणि तनू. माझे आईवडील आधीच गेलेले. तेरवीच्या दिवशी माझ्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "पोरगी मी वरोऱ्याले नेतो. पुरुष माणसाच्यानं लहान पोर होत नाही." मी नाही म्हणालो. मग मोठी माणसं मधे पडली आणि ठरलं, की एक वर्ष पाहू. मला जमलं तर पोरगी माझ्याकडे. नाही जमलं, तर आजीकडे. मी सगळ्यांसमोर हो म्हणालो होतो.

तनूला मी सबस्टेशनला घेऊन गेलो. दुसरं काही सुचलं नाही. ऑपरेटर गजबे चांगला माणूस. त्याने आपली खुर्ची कूलरसमोर ओढली आणि तिला त्यावर बसवलं.

"ये वं, साहेबीण. आजपासून तूच इथली इंजिनिअर."

"बाबा कुठी जाते?"

"बाबा खांबावर जाते. आपण इथून त्याच्यावर ओरडायचं."

ती हसली. मी गेलो. दुपारपर्यंत मी तुकूम वस्तीच्या बाजूला होतो. परत आलो तर गजबेचा चेहरा पडलेला.

"तुझ्या सासरचा कोणी आला होता," तो म्हणाला. "लाईट नाही म्हणून भांडायले आला, अन् पोरीले पाहून गप झाला. विचारलं, हे येरगुडेची पोरगी न? मी हाव म्हटलं. माझी चूक झाली काय बे?"

चूक गजबेची नव्हती. तो सासूबाईंच्या बहिणीचा मुलगा असणार, गावातच राहायचा. संध्याकाळी मी तनूला भात भरवत होतो तेव्हाच वरोऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. त्यांना मी मामी म्हणायचो.

"जवाईबापू, माझी नात लाईटच्या कारखान्यात खेळून रायली म्हणे."

"कारखाना नाही, मामी. ऑफिस आहे."

"तिथं कवटीचं चित्र लावलं असते फाटकावर. मी पाहिलं आहे. कवटी लावलेल्या जागी तुम्ही पोरगी ठेवली."

"पाळणाघर बंद होतं. उन्हामुळे."

"मग उद्या?"

मी तनूपुढे पुढचा घास धरला.

"रविवारी येतो मी," त्या म्हणाल्या. "तिचे कपडे धुऊन ठेवा. बोलणं झालं होतं आपलं. वर्षाचं."

बुधवारी आणि गुरुवारीही तनू गजबेच्या खुर्चीतच बसली. दुसरा इलाज नव्हता. पण मला गजबेची लाज वाटत होती, साहेब येईल याची धास्ती वाटत होती, आणि सगळ्यात जास्त, त्या पुठ्ठ्याची चीड येत होती. 'भरपाई' हा शब्द मला दिसत होता. तारेला पकड लावताना दिसत होता.

शुक्रवारी पाळणाघर उघडलं. संध्याकाळी पोरांना न्यायला आलेले आईबाप अंगणात उभे राहिले आणि भांडण सुरू झालं. मी ते सुरू केलं नाही. बँकेतल्या बल्की साहेबांनी केलं.

"मॅडम, तीन दिवसांचे पैसे वजा करा. साधा हिशोब आहे."

"साहेब, फी महिन्याची आहे, दिवसाची नाही," निमकर मॅडम म्हणाल्या. त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या, कडेवर कोणाचं तरी पोर. "तुमची बँक संपात बंद राहते, तेव्हा कर्जाचं व्याज थांबवता का तुम्ही?"

सगळे हसले. बल्कींचं तोंड लाल झालं.

रामटेके सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या. त्या हसल्या नाहीत. "माझ्या वॉर्डात ऊन लागलेले पेशंट खाली जमिनीवर झोपवले आहेत, मॅडम. मले सुट्टी नाही. तुमची सुट्टी मले परवडत नाही."

"सिस्टर, वर पत्रा आहे." मॅडमनी बोट वर केलं. "दुपारी या खोलीत उभं राहवत नाही. लाईट गेली की पंखा बंद, कूलर बंद. उद्या पोरं पडली तर मी तुमच्याच वॉर्डात आणणार ना? घरमालक छत घालून देत नाही. कामवाल्या बाईचा पगार मी बंदच्या दिवशीही देते. आणि रविवार देते आहे मी तुम्हाला. माझा स्वतःचा रविवार."

"मग सूर्यालेच नोटीस पाठवा," मागून कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसू झालं.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

"रविवार घेऊन काय करू मी?" मी म्हणालो. आवाज एवढा चढला की मॅडमच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. "रविवारी मी घरी असतो. रविवारी मले पोरगी सांभाळता येते. मले मंगळवारी पाह्यजे होतं. तुम्ही मंगळवार नेता आणि रविवार देता, अन् त्याले भरपाई म्हणता? मले माझा मंगळवार द्या."

"गेलेला मंगळवार मी कुठून आणू, भाऊ?"

बाकीच्यांना ते विनोदासारखं वाटलं. मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, मग खाली पाहिलं, आणि रडणाऱ्या पोराची पाठ थोपटत आत गेल्या. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून पळाल्या.

"रविवारी मी येणार आहे," मी आतल्या अंधारात ओरडलो. "कोणी येवो न येवो. माझा दिवस आहे तो. मी घेणार."

तेव्हा ते फक्त रागाने म्हटलं होतं. घरी जाताना, जटपुरा गेटच्या गर्दीत गाडी अडकली असताना, मला त्यातला उपयोग सुचला. रविवारी सासूबाई येणार. रविवारी पाळणाघर उघडं. पोरगी घरातच नसेल तर त्या नेणार काय?

रविवारी सकाळी मी तनूला तयार केलं.

"बाबा, आज रविवार आहे न?"

"नाही. आज मंगळवार आहे."

ती विचारात पडली. "काल शनिवार होता. टीव्हीत सांगितलं."

"पाळणाघरात मंगळवार आहे."

"मग उद्या बुधवार?"

"पाय इकडे कर," मी म्हणालो आणि चप्पल चढवली.

फाटक उघडं होतं. आत एकही चप्पल नव्हती. निमकर मॅडम एकट्याच चटई पसरत होत्या. कामवाली बाई दिसत नव्हती. मला पाहून त्या कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"आलात तुम्ही."

"बाकीचे?"

"सगळ्यांनी काल कळवलं, की नाही येत. भांडायला पंधरा जण होते. यायला तुम्हीच एक." त्यांनी तनूच्या डोक्यावरचा दुपट्टा सोडला. "माझा भाऊ आलाय पुण्याहून, दोन वर्षांनी. त्याला म्हटलं, संध्याकाळी बोलू."

"मी सांगितलं होतं, मी येणार म्हणून."

"हो. म्हणूनच उघडलं."

दुसरा कोणी असता तर तिथे ओशाळला असता. मला वाटलं, बरं झालं. एक दिवस तुमचाही जाऊ द्या. मी तसाच वळलो.

सासूबाई अकराच्या सुमारास आल्या. स्टँडवरून चालत. डोक्यावरून पदर, पदरावर ओला टॉवेल, हातात रेक्झिनची रिकामी बॅग. बॅग इतकी रिकामी होती की मधे दुमडली होती. मी पाणी दिलं. त्या तांब्या वर धरून पाणी प्यायल्या आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"तनू कुठी आहे?"

"पाळणाघरात."

"आज? आज तर रविवार आहे."

"भरपाईचा दिवस आहे."

"कायचा दिवस?"

"ते तीन दिवस बंद होते न. त्याच्या बदल्यात रविवारी ठेवतात. तिचा दिवस वाया कायले घालवू?"

त्यांनी बॅग भिंतीला टेकवून ठेवली, जणू तीही थकली होती, आणि खाली बसल्या.

"लपवली तुम्ही तिले."

"लपवली नाही. ठेवली."

"माझ्यापासून लपवली. मी काय चोर आहे, जवाईबापू? माझी नात आहे ते."

"माझी पोरगी आहे."

"मग पोरीसारखी ठेवा तिले! आज कवटीच्या फाटकात, उद्या कोणाच्या दारात. सहा वाजता येता, काळे होऊन येता. कोण वेणी घालते तिची? मागच्या वेळी आली तर केसात गुंता, कात्रीनं कापावा लागला मले. कुंदीनं कधी असं ठेवलं असतं तिले?"

"कुंदाचं नाव घेऊ नका."

"मी नाही घेऊ तर कोण घेईल? मी जन्म दिला आहे तिले!"

"मग ऐका!" मी उभा राहिलो. हे मी वर्षभर कोणाला बोललो नव्हतो. गजबेलाही नाही. "त्या पाळणाघरावर वर्षभर चिडून आहे मी, कायले, माहीत आहे? गेल्या वर्षी त्या मंगळवारीही हेच होतं. हेच कुलूप. मी सकाळीच ड्यूटीवर गेलो होतो. कुंदा पोरीले सायकलवर मागे बसवून गेली, तर फाटक बंद. तशीच लॅबमध्ये गेली कामाले. लॅबवाला म्हणाला, इथे रक्ताच्या बाटल्या आहेत, पोर चालणार नाही. मग पोरीले घेऊन बाबूपेठले मैत्रिणीकडे गेली. पुन्हा लॅबमध्ये आली. दुपारी मैत्रिणीचा फोन आला की पोरगी रडते, थांबत नाही. पुन्हा बाबूपेठ. पुन्हा घरी. सायकलवर, भर उन्हात. हे मले नंतर त्या मैत्रिणीनं सांगितलं. डोक्याचा दुपट्टा काढून पोरीले गुंडाळला होता. स्वतः उघड्या डोक्यानं. मी घरी आलो तर ती न्हाणीत बसली होती, अंगावर पाणी घेत, अन् मले ओळखत नव्हती."

सासूबाईंनी डोक्यावरचा टॉवेल ओढून मांडीत घेतला.

"त्या दिवशी ते फाटक उघडं असतं तर कुंदा असती आज. दुसरं काही नाही. एक फाटक. आणि ते म्हणतात भरपाई. गेल्या वर्षीही रविवारी भरपाई होती, मामी. मी दिवस करत होतो तिचे, अन् पाळणाघराचा निरोप आला होता, की तुमचा एक रविवार बाकी आहे."

कूलरचा पंखा खडखडत होता. सासूबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि ते बोटाला गुंडाळायला लागल्या. घट्ट. बोट पांढरं पडेपर्यंत.

"त्या बाईवर नका चिडू," त्या म्हणाल्या.

"कायले नाही चिडू?"

"त्या बाईनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं सगळ्यायले, की उद्या बंद राहीन. कुंदीले माहीत होतं."

"माहीत होतं तर ती फाटकापर्यंत कायले गेली असती?"

"वाटलं असंन तिले, हातापाया पडू, तेवढ्या एका दिवसासाठी." त्यांचा आवाज एकदम सपाट झाला. "माहीत होतं तिले. तिचा फोन आला होता मले. सोमवारी संध्याकाळी. म्हणे, आई, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं ये. एकच दिवस तनूले पाह्य."

"तुम्ही आल्या नाही," मी म्हणालो.

"मी म्हटलं, उद्या नाही जमत. कुरोड्या घालायच्या आहेत. तीन दिवसांचे गहू भिजू घातले होते मी. वाटून चीक काढून ठेवला होता. तो थांबत नाही न. आंबते." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "तुमच्यासाठीच होत्या त्या. तनूले आवडते म्हणून. मी म्हटलं, उद्या घालून टाकतो अन् परवा येतो. मी म्हटलं तिले..."



"काय म्हटलं?"

"म्हटलं, ऊन चांगलं पडून रायलं."

मला वाटलं, माझ्या कानात काहीतरी शिरलं आहे. शिटीसारखं. त्या बोलतच होत्या. "परवा आलोच मी. तुम्ही दवाखान्यात होते. पत्र्यावर कुरोड्या तशाच होत्या. गायीले टाकल्या मी नंतर. कोणाले सांगितलं नाही. तेरवीच्या दिवशी जीव तुटून म्हटलं, पोरगी मले द्या. मले वाटलं, तिनं एक दिवस मागितला होता, मी सगळे दिवस देतो."

"भरपाई," मी म्हणालो.

"हाव."

"रविवारची भरपाई."

"तुम्ही काहीही म्हणा."

"मी काय म्हणू? वर्षभर मी त्या बाईच्या दारात थुंकायचं बाकी ठेवलं, अन् तुम्ही इथे येऊन माझ्या पोरीच्या वेण्या मोजता? एक दिवस, मामी! पोरीनं स्वतःच्या आईले एक दिवस मागितला होता! गहू आंबले असते तर आंबू द्यायचे होते! फेकायचे होते नालीत!"

"हाव," त्या म्हणाल्या. "फेकायचे होते."

त्यांनी हो म्हटलं म्हणून मी अजून चिडलो. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मी ती रेक्झिनची बॅग उचलली, त्यांच्यासमोर टाकली.

"निघा."

त्या उठल्या. टॉवेल डोक्यावर घेतला, बॅग उचलली. मी पुढे होऊन दार उघडलं.

झळ आत आली. भट्टीचं तोंड उघडावं तशी, तोंडावर. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या घराची भिंत इतकी पांढरी दिसत होती की डोळे आपोआप मिटले. टीव्हीवर म्हणत होते की अकरा ते पाच कोणी बाहेर पडू नये. स्टँड लांब होता. ऑटो मिळणार नव्हता. साठीची बाई, नुकतीच तेवढंच ऊन चालून आलेली, अंगावरचा टॉवेल एव्हाना वाळलेला.

त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. एक पाय बाहेर टाकला.

मी त्यांचा दंड धरला. जोरात धरला, माया म्हणून नाही. आत ओढलं आणि दार लावलं.

"बसा," मी म्हणालो. "ऊन उतरल्यावर निघा."

ती दुपार मी कशी काढली ते सांगता येणार नाही. एकच खोली, एकच कूलर. त्या एका भिंतीला, मी दुसऱ्या. मधेच लाईट गेली. कूलर थांबला. माझा फोन वाजला, ज्याची रविवारची ड्यूटी होती त्याने विचारलं, अमुक फ्यूज कुठला. मी सांगितलं. लाईट येईपर्यंत आम्ही दोघं घामाने भिजत बसलो. त्या रडल्या नाहीत. मीही नाही. एकदा मी उठून टॉवेल ओला केला आणि त्यांच्या पुढ्यात फेकला. त्यांनी तो डोक्यावर घेतला.

बसून बसून माझा राग काही कमी झाला नाही. पण तो इकडून तिकडे फिरत राहिला. निमकर मॅडमवर गेला, लॅबवाल्यावर गेला, पुन्हा समोरच्या भिंतीवर आला. आणि शेवटी मला दिसलं, की ही बाई आज गेली तर परत येणार नाही. आणि पुढच्या रेड अलर्टला माझ्याकडे पुन्हा गजबेची खुर्चीच असेल.

"पोरगी वरोऱ्याले येणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली.

"कधीच नाही. ते डोक्यातून काढून टाका. तुम्ही इथे याल. ज्या दिवशी पाळणाघर बंद, त्या दिवशी. उन्हानं बंद राहो, पावसानं बंद राहो. घरी काय भिजू घातलं आहे ते मले सांगायचं नाही. लग्न असो, मरण असो. पहिल्या गाडीनं."

"अन् तुम्ही मले घरात घ्याल?"

"घरात घेईन. बोलेन की नाही, ते माहीत नाही."

त्या डोक्यावरचा टॉवेल सारखा करत म्हणाल्या, "नाही बोललं तरी चालते."

ऊन कलल्यावर आम्ही दोघं पाळणाघरात गेलो. तनू आजीला पाहून उड्या मारायला लागली. निमकर मॅडम दारात आल्या. दिवसभर एका पोरीबरोबर बसून त्याही कंटाळल्या असतील, पण तनूचे केस विंचरलेले होते आणि दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. सासूबाईंनी त्या वेण्यांवरून हात फिरवला आणि मॅडमकडे पाहिलं.

"ह्या तनूच्या आजी," मी सांगितलं. "यापुढे बंदच्या दिवशी ह्या राहतील. मले भरपाईचे रविवार नको."

"मग फीचं?"

"ती पूर्ण देईन. जशी देतो तशी."

"येरगुडे भाऊ, तसं लिहून द्या मला," मॅडम म्हणाल्या. "तोंडी नको. उद्या तुम्हीच भांडाल."

मी हो म्हणालो. त्यांची माफी मी मागितली नाही. त्यांनीही मागितली नाही. गेल्या वर्षीचा तो निरोप त्यांनी पाठवला होता की कामवाल्या बाईने, तेही मी विचारलं नाही. त्या आत गेल्या आणि आतून फोनवर मोठ्याने बोलताना ऐकू आल्या, "हां, निघाले मी दादा, भात टाक तू."

सासूबाई त्या संध्याकाळी वरोऱ्याला परत गेल्या. पुढचे तीन दिवस आकाशात ढगासारखं काहीतरी होतं, पण ते नुसतंच तापलेलं पांढरं होतं. गुरुवारी सकाळी मी ड्यूटीचे बूट चढवत होतो आणि दार वाजलं. उघडलं तर सासूबाई. अंगावरची साडी प्रवासाने चुरगळलेली, कपाळावर घाम. पहिल्या गाडीच्याही आधी, दुधाच्या टेम्पोत बसून आल्या होत्या. हे मला नंतर कळलं.

"आज बंद नाही," मी म्हणालो. रविवारनंतर त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "अजून काही आदेश आला नाही."

त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. सूर्य नुकताच वर आला होता आणि डांबराचा वास यायला लागला होता.

"आदेश येईन आज," त्या म्हणाल्या. "सरका."